विषारी हवा आणि आयव्हीएफ : ‘मुळे’ कधी म्हणायचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी आम्हाला जिन्यातच गाठलं. सुनेचं आयव्हीएफ दोनदा फसलं होतं. “ही प्रभादेवीची हवा, ही बांधकामाची धूळ, त्यामुळेच ना हो सर?” प्रश्न डॉक्टरांचा, पण त्यातलं ‘मुळे’ मात्र आमच्या विषयातलं. तेव्हा आज तेच घेऊ.

इथून जवळच, परळच्या केईएममध्ये, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तेव्हा भोवती गिरण्या होत्या, आज टॉवर आहेत. हवा तेव्हाही काही गंगाजल नव्हती!

‘मुळे’ ठामपणे म्हणता येतं असं एक उदाहरण आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या कीटकनाशकांच्या कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं, की आपल्याला मुलं होत नाहीत. तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. रसायन होतं डीबीसीपी. जितकी वर्षं त्याच्याशी संबंध जास्त, तितकं नुकसान जास्त.

रोजच्या प्लास्टिकचं इतकं सोपं नाही. बोस्टनच्या एका रुग्णालयात उपचार घेणाऱ्या जोडप्यांच्या लघवीतली रसायनं २००४ पासून मोजली गेली. आधी दिसलं, बीपीए जास्त असलेल्या स्त्रियांत बीजं कमी मिळतात. पुढे जास्त स्त्रिया घेतल्या, तर तो संबंध दिसेना. मग आणखी एक गंमत! सोयाबीन खाणाऱ्यांत बीपीएचा परिणाम दिसत नाही, न खाणाऱ्यांत दिसतो.

आपले नैयायिक हेच सांगत होते. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, लाकूड ओलं हवं. त्या ओलेपणाला ते ‘उपाधी’ म्हणतात. आयव्हीएफमध्ये स्त्रीचं वय ही भलीमोठी उपाधी. ती न तपासता हवेला दोष देणं म्हणजे काकतालीय न्याय झाला. हवा निर्दोष आहे असं नव्हे; हजार जणींबद्दल खरं ते या एका सुनेबद्दल खरं असेलच असं नाही, एवढंच.

आम्ही बाईंना विचारलं, “मुलगा काय करतो?” म्हणाल्या, “बॅटऱ्यांच्या कारखान्यात आहे.” त्याच्याबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शिसं शुक्राणूंना अपायकारक, हे पक्कं ठाऊक आहे. रक्तातलं शिसं मोजता येतं. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे पुढच्या खेपेआधी तपासायला आणि सांभाळायला वेळ आहे. शिशा‘मुळे’च झालं, असं आम्ही म्हणालो नाही. डॉक्टरांकडे जाताना मुलालाही घेऊन जा, आणि त्याचं काम काय ते आधी सांगा, असं म्हणालो.