ब्रेकचे पायडल कडक का होते?

भाजीचे क्रेट भरून पिकअप घाट उतरते, तेव्हा साऱ्यांचा जीव ब्रेकवर असतो. अशा वेळी पायडल एकाएकी दगडासारखे कडक लागले, तर दोष पुष्कळदा चाकापाशी नसतो. तो बूस्टरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या रबरी नळीत असतो.

बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या समोर, ब्रेक ऑइलच्या डबीमागे जो मोठा गोल डबा दिसतो, तो बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. पेट्रोल गाडीत इंजिनच नळीवाटे डब्यातील हवा ओढून घेते. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो. काही गाड्यांत तो डायनॅमोला जोडलेला असतो. पायडल दाबले, की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर या हवेचा जोर सुमारे २०० किलो भरतो. नळीला चीर पडली, की ही मदत संपते आणि सारा भार आपल्या पायावर येतो.

घरच्या घरी परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा व चाकाखाली दगड लावावा.

१. इंजिन बंद ठेवून पायडल पाच-सहा वेळा दाबावे. ते कडक होईल. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करावे. पायडल थोडे खाली गेले, तर बूस्टर काम करतो. जागचे हलले नाही, तर त्याला पोकळी मिळत नाही.

२. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे व पायडल थांबून थांबून दाबावे. पहिल्यांदा ते खोल जावे, पुढे दर वेळी थोडे वर लागावे. पहिल्यापासूनच कडक लागले, तर कोठेतरी हवा शिरते आहे.

पायडल कडक न होता मऊ, स्पंजासारखे लागत असेल, तर तो दोष निराळा. ब्रेकच्या लाइनीत हवा शिरली असेल किंवा ऑइल गळत असेल. मिस्त्रीने तपासल्याशिवाय गाडी हलवू नये.

नळी कशी पाहावी?

इंजिन बंद करून नळी दोन्ही टोकांपर्यंत हाताने चाचपावी. चिरा, ढिली क्लिप, तेलाने फुगलेले रबर किंवा उंदराचे दात आढळतील. इंजिन चालू असताना 'सूं' असा आवाज आला, तरी गळती समजावी. नळीवरील व्हॉल्व्हमधून हवा फक्त बूस्टरकडून इंजिनकडे जाते. दोन्हीकडून फुंकर गेली, तर तो बदलावा. नवी नळी ब्रेकच्याच कामाची घ्यावी. पाण्याची साधी नळी ओढीने चपटी होते.

उतारावर एक पथ्य

डिझेल वाचवण्यासाठी काही जण उतारावर इंजिन बंद करतात. इंजिन थांबले, की बूस्टरची शिल्लक दोन-तीन दाबांतच संपते. किल्ली काढली, तर स्टिअरिंगही अडकू शकते. म्हणून इंजिन चालू ठेवून खालच्या गिअरमध्येच उतरावे. तरीही पायडल कडक झालेच, तर ते पुन्हा पुन्हा न मारता सारा जोर लावून एकदाच दाबून धरावे. ब्रेक लागतो, पण पायाला फार जोर द्यावा लागतो. माल भरण्यापूर्वी पहिली परीक्षा रोज करावी. तिला एक मिनिटही लागत नाही.