सहा सिग्माच्या पलीकडे

चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळणाऱ्या माणसाला सरासरी, विचलन, तीन सिग्मा हे शब्द नवे नसतात. लाइनवर कंट्रोल चार्ट लावलेला असतो. बिंदू रेषेबाहेर गेला की मशीन थांबवून कारण शोधतात. निगडीत मी संख्याशास्त्र शिकवतो. तिथे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि क्वांट, म्हणजे वित्तबाजारात गणित वापरणारी, व्हायचं असलेल्या मुलींचे वडील ‘क्वांट म्हणजे काय’ हे विचारण्यात वेळ घालवत नाहीत. जनरल शिफ्ट सुटल्यावर येतात आणि थेट मुद्द्यावर येतात : “सर, एमएस्सी करायची, की कर्ज काढून अमेरिकेला पाठवायची?”

अशा वेळी मी माहितीपुस्तिकेची रंगीत पानं बाजूला ठेवतो आणि विषयांची यादी मागतो. फायनान्शियल इंजिनिअरिंग, कॉम्प्युटेशनल फायनान्स, क्वांटिटेटिव्ह फायनान्स ही नावं फसवी आहेत. एका यादीत संघटनवर्तन आणि मार्केटिंग भरपूर होतं, संभाव्यतेला एकच पेपर. ती तिथेच बाद झाली. पेन्सिलीने आधी संभाव्यतेवर खूण करायची : सूत्रांपुरती आहे की मेजर थिअरीपर्यंत जाते? मग इटो कॅल्क्युलस, टाइम सिरीज, संख्यात्मक पद्धती, प्रोग्रॅमिंग.

यानंतरचा प्रश्न वडिलांना लगेच पटतो. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला; ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, जवळपास ६ टक्के. रोजचं प्रमाण विचलन ढोबळमानाने १ टक्का धरलं तर दुसरी घसरणच सहा सिग्माची भरते. प्रसामान्य वक्रानुसार अशी घसरण लाखो वर्षांतून एकदा व्हायला हवी. प्रत्यक्षात तेवढी किंवा तिच्याहून मोठी घसरण पाच वर्षांच्या आत दोनहून अधिक वेळा झाली. कारखान्यात सहा सिग्मा हे गाठायचं ध्येय असतं. बाजारात त्यावर विसंबणारा बुडतो. म्हणून गृहीतक मोडतं तिथे काय करायचं हे शिकवणारे पेपर, म्हणजे जाड शेपटीची वितरणं, अतिटोकांच्या मूल्यांचा सिद्धांत, बदलत्या अस्थिरतेची मॉडेल्स, यादीत आहेत का ते बघायचं.

मग कामाची विभागणी. ब्लॅक आणि शोल्स यांच्या १९७३च्या सूत्रापासून वाढलेलं ऑप्शनच्या किमती काढण्याचं काम एकीकडे. वेगवान ट्रेडिंग कंपन्यांचं दुसरीकडे. त्या पुष्कळदा आयआयटीतून थेट बीटेकची मुलं उचलतात. तिसरं काम जोखीम मोजण्याचं आणि मॉडेल व्हॅलिडेशनचं. परदेशी बँकांच्या पुण्यातल्या कार्यालयांमुळे तेही आपल्याकडच्या मुलांच्या आवाक्यात आलं आहे. दुसऱ्याने बांधलेलं मॉडेल तपासून ते पास की नापास हे सांगायचं. “म्हणजे इनकमिंग इन्स्पेक्शनच की!” एक वडील म्हणाले. मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

आता पैसे. त्यांचा एक तक्ता करायचा. कार्नेगी मेलनचा कॉम्प्युटेशनल फायनान्सचा अभ्यासक्रम १९९४पासून चालू आहे आणि या क्षेत्रातल्या जुन्या, नावाजलेल्या अभ्यासक्रमांपैकी आहे. तिथली फी आणि राहणं धरलं तर हिशेब कोटीच्या पुढेमागे जातो. उलट कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एमस्टॅटला शिक्षणशुल्क नाही, वर विद्यावेतन मिळतं. मात्र प्रवेश परीक्षा घाम काढते. कंट्रोल चार्टचे जनक शूहार्ट १९४७-४८मध्ये भारतात आले ते याच संस्थेच्या महालनोबिसांच्या निमंत्रणावरून, हे ऐकून क्वालिटीवाले वडील खुर्चीत सरसावून बसतात. याच संस्थेत घडलेले राजीव करंदीकर यांनी गोपीनाथ कल्लियनपूर यांच्याबरोबर ऑप्शनच्या किमतींच्या सिद्धांतावर पुस्तक लिहिलं, ते २०००मध्ये आलं. जॅम परीक्षेतून आयआयटी मुंबई, घराजवळ गणेशखिंडीतला पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, आणि अर्थशास्त्राकडे ओढा असेल तर १९३०ची गोखले संस्था, हे पर्यायही तक्त्यात लिहायचे.

तक्ता पुरा झाला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. लागणारं बहुतेक गणित आपल्याकडे थोडक्या पैशात शिकता येतं. अमेरिकेत कोटभर मोजायचे ते मुख्यतः न्यूयॉर्कच्या मुलाखतींपर्यंत पोचण्यासाठी, आणि पुढचा व्हिसा त्या रकमेत येत नाही. म्हणून मी क्रम असा सांगतो : आधी सांख्यिकी संस्था आणि जॅमची तयारी, मग दोनेक वर्षं नोकरी, आणि तरीही न्यूयॉर्कचंच दार हवं असेल तर कर्ज. ते स्वतःच्या पगाराच्या स्लिपवर काढावं, वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडावर नको.