अर्धापूरच्या केळीचे हिवाळे

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या केळीची गेली चाळीसेक वर्षे सांगायची म्हटली की माणसे पाण्यापासून सुरुवात करतात. इसापूर धरणाचे पाणी कालव्याने आले नि बागा वाढल्या. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या दुष्काळात केळीवालेही धास्तावले. ते खरेच आहे. पण या पिकाची दुसरी लढाई थंडीशी आहे, आणि तिचा उल्लेख फार कमी होतो.

केळ मुळात उष्ण, दमट मुलखातली. पारा सोळा अंशांच्या खाली गेला की पोंगा, म्हणजे गुंडाळलेले नवे पान, उलगडायला वेळ लागतो, दहाच्या खाली वाढ जवळपास थांबते. पाने पिवळी पडतात. सर्वांत वाईट म्हणजे निसवण अडकते: घड बुंध्यातून पूर्ण बाहेर येत नाही, फण्या दाटीवाटीने वाकड्या राहतात. महिनोन्‌महिने खतपाणी दिलेले झाड ऐन वेळी असे अडकलेले पाहणे फार जिवाला लागते. आणि मराठवाड्याची थंडी साधी नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस शेजारच्या परभणीत पारा पाच अंशांच्याही खाली उतरला होता.

बसराई, तिच्याच जातकुळीतली अर्धापुरी आणि आजची ग्रँड नैन या इथल्या साऱ्या जाती कॅव्हेंडिश गटातल्या. हे नाव इंग्लंडमधल्या डर्बीशायरमधून आले. तिथल्या चॅट्सवर्थ वाड्याच्या मालकाचा, म्हणजे डेव्हनशायरचा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने त्या बर्फाच्या मुलखात तापवलेल्या काचघरात हे झाड जगवले आणि नोव्हेंबर १८३५ मध्ये ते निसवले. एका झाडासाठी भट्टी पेटवता येते. अर्धापूरला मात्र एकरच्या एकर बाग उघड्या आभाळाखाली असते.

म्हणून इथल्या शेतकऱ्याने थंडी मुख्यतः तारखेने टाळली. मृगात लावायची, पावसाळ्यात झाड भरून घ्यायचे, म्हणजे हिवाळा अंगावर घ्यायला त्याच्यात बळ असते. सोबत वाऱ्याच्या बाजूने शेवरीची किंवा गजराज गवताची ताटी, बुंध्याशी पाचटाचे आच्छादन, कडाक्याच्या रात्री विहिरीचे कोमट पाणी आणि पहाटे बांधावर पेटवलेल्या ओल्या काडीकचऱ्याचा धूर. पुढे घडांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढल्या. त्यांत थोडी ऊब राहते, सालही स्वच्छ राहते.

मोठा बदल ऊतिसंवर्धित रोपांनी केला. मुनव्यांच्या, म्हणजे कंदाला फुटलेल्या पिलांच्या, बागेत झाडे पुढेमागे निसवत. थंडीचा एखादा आठवडा काही झाडांनाच गाठायचा. रोपांची बाग जवळपास एकदमच निसवते. उत्पन्न वाढले, घड सारखे आले, आणि तेवढीच जोखीमही एका पंधरवड्यात गोळा झाली. ठिबकमुळे लागवड वर्षभर होऊ लागली, त्यामुळे आता दर हिवाळ्यात कुठली ना कुठली बाग नाजूक वयात असतेच. मला वाटते, सारी लागवड एकाच आठवड्यात न उरकता दोन-तीन टप्प्यांत करणे हाच यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

काढणीनंतरही थंडी पाठ सोडत नाही. तेरा अंशांखाली राहिलेल्या फळाची साल पिकताना मळकट, करडी दिसते, मग आतला गर चांगला असला तरी व्यापारी भाव पाडतो. उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला डिसेंबर-जानेवारीत वाटेतही हीच थंडी गाठते. ट्रकला ताडपत्री नीट बांधून, आत केळीची सुकी पाने दाबून भरली, तर बरेच फळ वाचते.