शाळेची वाट, उजव्या हाताने



या महिन्याचे भित्तिपत्रक आमच्या सातवीच्या वर्गाकडे आहे. कोणी सुविचार लिहिले, कोणी धबधब्याचे चित्र काढले, कोणी कोडी घातली. माझ्या वाट्याला ‘रस्ता’ हा विषय आला. मी आधी लाल, पिवळ्या, हिरव्या दिव्यांची माहिती लिहून नेली. बाईंनी ती वाचली आणि विचारले, "आपल्या कपिलधारला सिग्नल कुठं आहे गं?" सगळा वर्ग हसला. मग बाई म्हणाल्या, "तू रोज ज्या वाटेनं येतेस, तीच लिही." म्हणून मी माझी वाट लिहीत आहे.

आमची वस्ती डोंगराच्या अंगाला आहे. घरून निघाले की पहिल्यांदा बांधावरची पायवाट लागते, मग ओढा, मग डांबरी रस्ता. सगळी मिळून पंचवीस मिनिटे लागतात. ओढ्याला पाणी असले की चपला हातात घ्याव्या लागतात, तेव्हा अर्धा तास धरा. पायवाटेवर भीती फक्त काट्याची आणि पावसाळ्यात विंचवाची. खरी काळजी डांबरी रस्त्याची. तो तुकडा लहान आहे, पण सकाळी दुधाच्या मोटारसायकली, जीपगाड्या, टमटम, सगळे त्याच वेळेला येतात. पावसाळ्यात धबधबा पाहायला लांबून गाड्या येतात. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथ स्वामींची यात्रा असते, तेव्हा तर रस्ता दिसतच नाही. या गाड्या मांजरसुंब्याहून, म्हणजे धुळे-सोलापूर महामार्गावरून वळून येतात. महामार्ग चौपदरी आहे, तिथे चालवणाऱ्याला वेगाची सवय लागलेली असते. आपल्या अरुंद रस्त्याला लागला तरी ती लगेच जात नाही.

आता माझी गोष्ट सांगते. गेल्या आषाढात मी आणि माझा धाकटा भाऊ (तो दुसरीत आहे) रस्त्याच्या डाव्या कडेने चाललो होतो. पाऊस भुरभुरत होता, डोक्यावर पोत्याची खोळ होती. मागून मोटारसायकल आली ती मला दिसलीही नाही आणि खोळीमुळे ऐकूही आली नाही. तिच्या हँडलमध्ये माझ्या दप्तराचा पट्टा अडकला आणि मी ओढली जाऊन चारीत पडले. गुडघा फुटला, कोपर सोलले, भूगोलाची वही भिजली. भाऊ माझ्या दुसऱ्या बाजूला होता म्हणून वाचला. गाडीवाला थांबला नाही. घरी आल्यावर आजी मला काहीच बोलली नाही. ती भावाच्या अंगावरून हात फिरवत बसली. तेव्हा मला जास्त रडू आले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारले, "कोणत्या बाजूनं चालला होता?" मी म्हणाले, "डाव्या. पुस्तकात तसंच आहे ना?" पुष्कळ जुन्या पुस्तकांत आणि पाट्यांवर तसेच लिहिलेले असे. आमच्या अण्णांनाही तेच शिकवले होते. अण्णा म्हणाले, "आम्ही जन्मभर डाव्या हातानं चाललो. आता रस्ते बदलले का गुरुजी बदलले?" तर त्याचे उत्तर असे. आपल्या देशात गाड्या डावीकडून चालतात. आपण डाव्या कडेने चाललो की आपल्या बाजूची गाडी मागून येते, आणि पाठीला डोळे नसतात. उजव्या कडेने चाललो की आपल्या बाजूची गाडी समोरून येते. ती कोणती आहे, किती जोरात आहे, चालवणाऱ्याचे लक्ष आहे की तो मोबाईल पाहतो आहे, हे सगळे दिसते. वाटले तर एक पाऊल बाजूला होता येते. फुटपाथ असेल तर प्रश्नच नाही, पण आपल्याकडे फुटपाथ कुठला? म्हणून उजव्या कडेने, डांबर सोडून, एकामागे एक.

यात एक अडचण आहे, ती मी स्वतः पाहिली आहे. वडाच्या पुढे रस्ता उजवीकडे वळतो आणि उजव्या हाताला दरड आहे. तिथे उजव्या कडेने गेलो तर समोरची गाडी आपल्याला दिसत नाही आणि गाडीवाल्याला आपण दिसत नाही. अशा वळणाच्या बरेच आधी, जिथे दोन्हीकडचे लांबवर दिसते तिथे, रस्ता ओलांडून बाहेरच्या कडेला यायचे आणि वळण संपले की परत जायचे. शिवाय पावसाळ्यात त्या दरडीचे दगड सुटतात, तोही फायदा.

अण्णांना हे पटले. पण ते म्हणाले, "सायकलही मग उजवीकडूनच चालवायची का?" नाही! सायकल हे वाहन आहे, ती डावीकडूनच. हे मलाही आधी उलटे वाटले होते, मग बाईंनी फळ्यावर गणित घातले. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि मोटारसायकलचा ५० धरा. दोघे समोरासमोर आले तर वेगांची बेरीज होते, ६५. एकाच दिशेने असले तर वजाबाकी, ३५. मागून येणाऱ्याला सावरायला जास्त वेळ मिळतो. चालणाऱ्याचा वेग इतका थोडा असतो की बेरीज-वजाबाकीने फरक पडत नाही, आणि तो जागच्या जागी थांबू शकतो. सायकल एका पावलात थांबत नाही.

थांबण्यावरून आठवले. आम्ही शाळेच्या पटांगणात एक प्रयोग केला, तो कोणीही करून पाहावा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चालवणाऱ्याला आपण दिसलो आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला, तोवर एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. मिळून ३७. मिस्त्रीकाकांचा टेप आणला आणि झेंड्याच्या कट्ट्यापासून मोजायला लागलो. मुलांना वाटले होते की व्हरांड्याच्या टोकापर्यंत पुरेल. टेप फाटकाच्या बाहेर हातपंपापाशी गेला! चौथीतला एक जण म्हणाला, "एवढ्या लांबून? मंग मधी आलेलं कुत्रं मरतंच की." खरेच आहे, म्हणून इतकी मरतात.

मग ताशी ३० चा हिशेब केला. तो सुमारे १३ मीटरच आला, म्हणजे पटांगणाच्या आतच. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. रस्ता ओला असला की त्याहून जास्त. तेव्हा "गाडी लांब आहे, पळत जाऊ" हा अंदाज आपला नेहमी चुकतो. लहान मुलांना वेगाचा अंदाज मोठ्यांसारखा येत नाही, यात मुलांचा दोष नाही. म्हणून दुसरी-तिसरीच्या मुलांनी एकट्याने ठरवूच नये, मोठ्याचा हात धरावा.

एस.टी.तून उतरल्यावर पुढून किंवा मागून पळत रस्ता ओलांडू नये. गाडी जाऊ द्यावी, मग दोन्हीकडे पाहावे. एवढी मोठी गाडी मध्ये असल्यावर पलीकडचे काहीच दिसत नाही.

आता उसाच्या ट्रॅक्टरविषयी लिहिते, कारण दिवाळीनंतर तेच जास्त दिसतील. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. वळताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, ती वळणाच्या आतल्या अंगाला सरकते. ट्रॅक्टर आपल्यापासून चार हात लांबून गेला म्हणून आपण तिथेच उभे राहतो आणि ट्रॉली अंगावर येते. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला कधी उभे राहायचे नाही. दोन ट्रॉल्यांच्या मधून पलीकडे जायचे नाही, उभ्या असल्या तरी नाही. आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण चौथीत असताना मीही ओढला आहे. तो ऊस आपल्याच आई-बापांनी तोडलेला असतो, पण चाक ते ओळखत नाही.

सायकलचे थोडके सांगते. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, ब्रेकचे रबर झिजले असेल तर बदलावे. उतारावर वेग वाढल्यावर नाही, उतार सुरू व्हायच्या आधीच ब्रेक धरायला लागावे, आणि दोन्ही मिळून धरावे. नुसता पुढचा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. दप्तर हँडलला लटकवू नये, मागे बांधावे. मुलींनी ओढणी कमरेला गाठ मारून घ्यावी, ती चाकात जाते. मागे लाल चकाकी लावावी. मोठ्या माणसाची सायकल नळीखालून पाय घालून चालवायची मजा असते हे मला माहीत आहे, पण ती वस्तीवर, डांबरी रस्त्यावर नाही.

पुष्कळ पालक म्हणतात, "चालवत कशाला आणायचं? गाडीवर सोडतो." एका मोटारसायकलवर बाप, दोन पोरं, मध्ये दप्तरं, आणि पुढे टाकीवर अंगणवाडीचे एक. पडली तर सगळीच पडतात. काही जण तर नववी-दहावीच्या पोराच्या हातात गाडी देऊन धाकट्यांना मागे बसवतात. २०१९ च्या सुधारित कायद्याप्रमाणे अशा वेळी पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे आहे. म्हणजे मूल पायी येईल हे धरूनच अंतर ठरवले आहे. मग पायी येण्यासारखा रस्ता ठेवायला नको का?

आता मुख्य गोष्ट. दिवाळी झाली की टोळ्या निघतील. माझे आई-अण्णाही कारखान्यावर जातील आणि उन्हाळ्यापर्यंत परत येणार नाहीत. काही मुले बरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, आम्ही दोघे आजीजवळ राहतो. आजीचे गुडघे दुखतात, ती ओढ्यापर्यंतही येऊ शकत नाही. गेल्या वर्षी आई जाताना म्हणाली होती, "त्याचा हात सोडू नको." मी म्हणाले, "नाही सोडणार." पण आषाढात माझाच हात सुटला. म्हणून एकटीने दोघांची वाट सांभाळायची नाही, असे मी ठरवले.

यात्रेला लातूर, नांदेडकडून पायी दिंड्या येतात, त्या आपण सगळेच पाहतो. पुढे एक जण पताका घेऊन असतो, त्याच्या पुढे कोणी जात नाही. शेवटीही एक जाणता माणूस असतो, त्याच्या मागे कोणी राहत नाही. मधले निर्धास्त चालतात. जपानमध्येही प्राथमिक शाळेची मुले अशीच शेजारपाजारची मिळून रांगेने शाळेत जातात. मोठ्या वर्गातले मूल पुढे असते आणि लहानांच्या डोक्यावर पिवळी टोपी असते, लांबून दिसावी म्हणून. पण दिंडी केली म्हणजे सगळे संपले असे नाही. २०१९ साली पुण्याजवळ दिवे घाटात दिंडीतच जेसीबी घुसला आणि वारकऱ्यांचे जीव गेले. म्हणून रांग डांबराच्या बाहेरच हवी, आणि वळणावर पुढच्याने थांबून पाहायला हवे.

आमच्या वस्तीची अकरा मुले गेल्या महिन्यापासून अशी येतात. मी पुढे, सहावीतला एक मुलगा शेवटी. पहिल्या आठवड्यात कोणी ऐकत नव्हते. दोघे जण पुढे पळायचे, एक चिंचा वेचायला मागे राहायची. मग आम्ही रोज शेवटचा माणूस बदलला. ज्याच्यावर शेवट येतो तो आपोआप शहाणा होतो. पिवळ्या टोप्या आमच्याकडे नाहीत, पण लग्नातले पिवळे उपरणे फाडून काठीला बांधले आहे. भावाला ते धरायला फार आवडते.

पालकांना माझी विनंती आहे. गावाला जाण्याआधी एक दिवस मुलाबरोबर शाळेपर्यंत चालत या, गाडीवर नाही. कुठे ओलांडायचे ते जागेवर दाखवा. वडाच्या वळणावर वेड्या बाभळी वाढून रस्ता झाकला आहे. ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे, त्यावर अजून सह्या हव्या आहेत, कागद ऑफिसात टेबलावर आहे. आणि आठवीला बाहेरगावी जाणाऱ्या मुलींच्या वडिलांनी सायकलच्या योजनेची चौकशी करावी. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, २०२२ साली ते ३,५०० वरून ५,००० रुपये झाले. पुढच्या वर्षी मीही आठवीत जाईन.

आमची रांग सकाळी साडेनऊला ओढ्याच्या अलीकडच्या लिंबाखालून निघते. पाच मिनिटे थांबतो, जास्त नाही. खालच्या वस्तीच्या मुलांना यायचे असेल तर त्यांची नावे बाईंच्या वहीत लिहून द्यावीत. शेवटी चालायला एक मोठे मूल मात्र त्यांच्यातलेच हवे.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी