मोडीच्या ढिगांतील संगणक

विलायतेंत दानधर्मासाठीं चालविलेलीं जुन्या वस्तूंचीं दुकानें असतात. नकोसें झालेलें सामान लोक तेथें फुकट देतात व तें विकून येणारा पैसा गरिबांच्या कार्यीं लागतो. त्या दुकानांच्या फळ्यांवर कपबशांच्या शेजारीं कधीं कधीं चाळीस वर्षांपूर्वींचा संगणक सांपडतो, आणि शोधक मंडळी तेवढ्यासाठीं पुनः पुनः फेऱ्या घालितात. आमच्या तुडीलसारख्या महाड तालुक्यांतील गांवीं असें दुकान कोठून असणार? येथें जुना संगणक भंगारवाल्याच्या तराजूंत पडतो आणि किलोच्या भावानें जातो.

पुणेकरांस मंगळवार पेठेंतील जुना बाजार ठाऊक आहेच. रविवारीं व बुधवारीं भरणारा हा बाजार. तेथें जुन्या घड्याळांकडे सर्वांचेंच लक्ष जातें, पण जाणत्यानें तारांच्या गुंतवळ्यांतही डोकावावें. १९८२ सालीं इंग्लंडांत निघालेल्या सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम संगणकाची भारतीय आवृत्ति पुण्याच्याच डेसिबेल्स कंपनीनें ‘डीबी स्पेक्ट्रम’ ह्या नांवानें काढली होती. ह्याचें सगळें यंत्र कळफलकाच्या पेटींतच असे. पडद्याचें काम घरचा टीव्ही करी, आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर सांठविले जात. त्यामुळें अजाण मनुष्य त्यास नुसता कळफलक समजून टाकून देतो. शाळांचेंही तसेंच. १९८४ सालीं केंद्र सरकारनें शाळांतून संगणक-साक्षरतेची योजना काढली, तींत बीबीसी मायक्रो नांवाचे संगणक दिले गेले. शाळेच्या अडगळीच्या खोलींत मोडक्या बांकांखालीं काय काय दडलेलें असतें, हें आम्हां शिक्षकांखेरीज कोण जाणणार!

परंतु आम्हांस हळहळ वाटते ती निराळ्याच गोष्टीची. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर संगणकावर उमटविण्यास नाना खटपटी कराव्या लागत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें जिस्ट कार्ड यंत्रांत बसविलें कीं देवनागरी अक्षरें पडद्यावर येत. पुढें छापखान्यांनीं आपापले फॉन्ट घेतले, आणि एकाचें लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां येईना. तो मजकूर आज नव्या संगणकावर उघडावा, तर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निव्वळ गोंधळ दिसतो. तो उकलण्यास तोच फॉन्ट, तोच प्रोग्रॅम, आणि पुष्कळदां ती फ्लॉपी घेणारें जुनें यंत्रच लागतें. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें हुडकलीं व १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्याचा पहिला खंड काढला. त्यांना निदान मोडी वाचतां येत होती.

२०२१ च्या जुलैंत सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें. तें ओसरल्यावर चिखलानें माखलेलें सामान रस्त्यांवर आलें, त्यांत संगणकही होते. कोणाची वंशावळ, कोणा आजोबांच्या आठवणी त्यांबरोबर गेल्या, ह्याची मोजदाद कोण करणार?

वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर असें यंत्र असल्यास तें एकदम विजेस जोडूं नये. कांहीं जुन्या यंत्रांत आंतल्या पाटीवर एक लहान बॅटरी असते; ती पाझरून तांब्याच्या रेषा खाते, म्हणून जाणत्याकडून ती आधीं काढवून घ्यावी. फ्लॉप्या ओलीपासून व लोहचुंबकापासून दूर ठेवाव्या. त्यांवरील मजकूर कोणत्या फॉन्टांत आहे हें घरांतील कोणास अद्याप आठवत असेल, तर तें वेष्टनावर आजच लिहून ठेवावें.