खडकाच्या पोटातील उष्णता

श्रोतेहो, अणुभट्टीतून बाहेर काढलेले इंधन म्हणजे विझलेली राख नव्हे. त्याचे काम संपले, तरी त्यातील किरणोत्सर्गी द्रव्यांचे विघटन चालूच राहते आणि त्यातून उष्णता निघत असते. असे इंधन लक्षावधी दिवस नव्हे, लाखभर वर्षे माणसापासून दूर ठेवावयाचे आहे. म्हणून ते भूगर्भातील कठीण खडकात पुरावे, असे शास्त्रज्ञ सांगतात. परंतु पुरावयाची वस्तूच गरम असली म्हणजे काय होते?

फिनलंडचे उदाहरण घेऊ. तेथील ओल्किलुओतो बेटावर, ओन्कालो या ठिकाणी, २००४ साली खोदकाम सुरू झाले. अतिप्राचीन खडकात ४०० मीटरहून अधिक खोलीवर बोगदे काढले आहेत. बिडाच्या पेटीत इंधन, तिच्यावर सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचे तांब्याचे कवच आणि त्याभोवती बेंटोनाइट नावाच्या मातीचे वेष्टन, अशी ही योजना आहे. आपली काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते; बेंटोनाइट तिच्याच जवळच्या जातीचे. खडकातून झिरपणारे पाणी शोषून ते फुगते, फटी बुजवते आणि पाण्याला तांब्यापर्यंत सहज पोहोचू देत नाही.

उष्णतेचा पहिला घाला पडतो तो याच मातीवर. कवचालगतची माती वाळते. उष्णता फार वाढली, तर तिची फुगण्याची शक्तीच क्षीण होण्याचा संभव असतो. दुसरीकडे खडक तापून प्रसरण पावतो, त्यातील ताण वाढतो आणि विवराच्या भिंतीचे कपचे उडू शकतात. म्हणून मातीचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यावयाचे नाही, असा दंडक घातला आहे.

तो पाळण्याचे उपाय दोन. पहिला धीराचा. उष्णता देणाऱ्या सीझियम व स्ट्राँशियम या प्रमुख द्रव्यांचे प्रमाण सुमारे ३० वर्षांत निम्मे होते. म्हणून इंधन आधी कित्येक दशके पाण्यात निववतात. दुसरा उपाय अंतराचा. पेट्या एकमेकींपासून काही मीटर दूर ठेवतात, म्हणजे एकीची धग दुसरीच्या धगीत मिसळून वाढत नाही.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. स्वित्झर्लंडमधील ग्रिम्सेल येथे १९९७ साली बेंटोनाइटमध्ये पेटीच्या आकाराचे विजेचे हीटर पुरून ते १०० अंशांवर ठेवले. त्यांपैकी एक २०१५ पर्यंत, म्हणजे १८ वर्षे, चालू होता. आपल्या देशातही कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे १००० मीटर खोलीवर, खडक तापवून त्याची परीक्षा घेण्यात आली होती.

श्रोतेहो, विजेचा उपभोग आपण घेतो. तिचा अवशेष मात्र अद्याप न जन्मलेल्यांच्या पायांखाली राहणार आहे. त्यांना आज आपल्याला काही विचारता येत नाही. म्हणून पेटी पुरण्यापूर्वी ती पुरेशी निवली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आपलीच आहे.