मेंढ्यांचे पोषण, निकृष्ट वैरणीवरील
कडबा, भुसकट, वाळलेले गवत अशा कमी प्रथिनांच्या वैरणीवर पैदाशीच्या मेंढ्या पोसण्याची पद्धत व तीमागील पचनक्रिया. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात दख्खनी मेंढ्यांचा उन्हाळा मुख्यत्वे पिके निघालेली शेते, पडीक रान व कडबा यांवरच जातो. शहरालगत पडेगाव येथे राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे.

मेंढीच्या जठराच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यात (रोमंथिकेत) सूक्ष्मजंतू सेल्युलोजाचे किण्वन करतात. त्यातून होणारी ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक अम्ले रक्तात शोषली जाऊन मेंढीची बहुतांश ऊर्जेची गरज भागवितात. पुढे वाहत गेलेले सूक्ष्मजंतू स्वतःच पचून तिला प्रथिने पुरवितात. म्हणून मेंढीला चारणे म्हणजे प्रथम या सूक्ष्मजंतूंना चारणे होय. वैरणीतील प्रथिने सु. ७ टक्क्यांहून कमी झाली की त्यांना नायट्रोजन अपुरा पडतो. ज्वारीच्या कडब्यात ती बहुधा ३ ते ४ टक्केच असतात. तंतू सावकाश फुटतात, रोमंथिका भरलेली राहते व पुढ्यात कडबा असूनही मेंढीचे पोषण होत नाही.

हा प्रश्न गाभण काळाच्या (सु. १५० दिवस) अखेरीस बिकट होतो. गर्भाची सु. ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि त्याच वेळी वाढलेले गर्भाशय रोमंथिकेवर दाब देते. पोटात जुळी असल्यास अंगावरील चरबी झपाट्याने वितळते, रक्तात कीटोने साठतात. मेंढी कळपापासून मागे राहते, तिला दिसेनासे होते व उपचार न झाल्यास ती दगावते. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतील बहुप्रसवतेचे जनुक तिच्यात आणले. अशा मेंढ्या केवळ कडब्यावर ठेवणे धोक्याचे आहे.

१०० किग्रॅ. कुट्टीवर ४ किग्रॅ. यूरिया सु. ५० लि. पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडतात व ती तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवतात. अमोनियामुळे लिग्निनाचे बंध सैल होतात व नायट्रोजनही वाढतो. न विरघळलेला यूरिया किंवा त्याचे साचलेले पाणी मेंढीच्या पोटात गेल्यास मात्र विषबाधा होते. लहान कळपाला तुरीचे वा हरभऱ्याचे भुसकट, शेवरीचा पाला, बाभळीच्या शेंगा व थोडी पेंड हाच मार्ग अधिक सुरक्षित. मेंढी पाने निवडून खाते व धांडे टाकते; त्यामुळे कडबा अंमळ जास्तच टाकून उरलेली धांडे गुरांना घालावीत.